पाठीमागचा हात

टेनिस बघताना लोक चेंडूकडे बघतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळ्यांच्या माना एकदम वळतात. मी मात्र चार उन्हाळे एका बाईच्या पाठीकडे बघत बसले. घामाने चिकटलेला पांढरा टी-शर्ट, मानेवर घट्ट बांधलेला बुचडा आणि कमरेमागे नेलेला डावा हात. चेंडू कुठे पडला हे मला पुष्कळदा कळलंच नाही. पण त्या हातात काय चाललंय ते कळायचं, आणि अंगावर काटा यायचा. आत्ता लिहितानाही आलाय.

ती सायोको. जपानच्या शिकोकू बेटावरची, व्यावसायिक टेनिसपटू, आणि खेळायची ते फक्त दुहेरी. वय पस्तिशीच्या पुढे, उंची माझ्याएवढी, म्हणजे बेताचीच. टेनिसच्या जगात तिचं नाव कुणी ऐकलं नसेल. आमच्या घरात मात्र आजही कुणी पाठीमागे हात नेला तरी तिचीच आठवण निघते.

कॅनडातल्या आमच्या किचनर गावच्या टेनिस क्लबात दर जुलैत बायकांची एक छोटी व्यावसायिक स्पर्धा भरते. टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाडू हॉटेलात उतरतात. इथे येणाऱ्यांना क्लब गावकऱ्यांच्या घरी उतरवतो. आमची मुलगी व्हँकुव्हरला गेल्यापासून बेसमेंट रिकामं होतं. अरविंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता क्लबला होकार कळवून टाकला.

"अवं, बेसमेंट नुसतं पडून राहिलं ना," तो म्हणाला. "कोणी येऊन राहिली तर काय बिघडते?"

अरविंद वरुडचा. चाळीस वर्षं कॅनडात काढली, इंजिनियर म्हणून रिटायर झाला, पण वऱ्हाड जिभेवरून हललं नाही आणि आवाज तर मुळीच नाही. संत्र्याच्या बागेच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारत वाढलेला माणूस. तो फोनवर बोलायला लागला की शेजारचा कुत्रा भुंकतो. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

सायोको पहिल्यांदा आली ती स्वतःपेक्षा मोठ्या दोन बॅगा घेऊन. दारात बूट काढले, त्यांची तोंडं दाराकडे करून नीट जोडीने ठेवले आणि मग कमरेत वाकून मला मुरंब्याची एक बाटली दिली. तिच्या वडिलांच्या बागेतल्या संत्र्यांचा. बस्स, 'संत्रं' या एका शब्दावर अरविंद खुर्चीतून उठला. तुमची साल सैल असते का? बी किती? मृग बहार घेता की आंबिया? त्या बिचारीला बहार काय कळणार? पण तिने फोन काढला आणि डोंगरउतारावरची बाग दाखवली. अरविंदने भावाला वरुडला फोन लावून बागेचे फोटो मागवले. तिकडे तेव्हा मध्यरात्र होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तासाभराने मी जेवायला हाक मारली तेव्हा दोघं कलम बांधण्याच्या खुणा करत होती. मी मनात म्हटलं, ही बाई आता माझी पाहुणी राहिली नाही, सासरचं माणूस झाली.

खाण्याचे तिचे चोचले काहीच नव्हते. मॅचच्या दिवशी सकाळी तिला मऊ भात लागायचा, अगदी पातळ, लहान मुलाला देतात तसा. मी त्यावर मेतकूट आणि तूप घातलं. तिने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वी नो धिस राइस." त्यांच्याकडेही आजारपणात आणि आईच्या घरी असाच भात करतात म्हणे. मग दर मॅचला मऊ भात, मेतकूट आणि तिच्या बॅगेतलं एक खारवलेलं आंबट फळ. तिने मला ते एकदाच चाखायला दिलं. माझा चेहरा बघून तिने बरणी पुन्हा बॅगेत ठेवली ती ठेवलीच.

हे 'वी' मात्र तिचं खास. 'मी' हा शब्द तिच्या तोंडून जवळजवळ आलाच नाही. "वी आर हंग्री." "वी स्लेप्ट वेल." एकटी बेसमेंटमध्ये झोपलेली बाई सकाळी वर येऊन 'आम्ही छान झोपलो' म्हणते म्हटल्यावर अरविंदने तिला सरकार म्हणायला सुरुवात केली. पूर्वीचे संस्थानिक बोलायचे ना तसं. "सरकारांनी लाडू संपवले का?" असं तो विचारायचा आणि ती गंभीरपणे म्हणायची, "येस. वी फिनिश्ड." मी एकदा विचारलं की बाई गं, असं का? तिने बराच विचार केला. बाराव्या वर्षापासून शाळेत रबरी चेंडूचं टेनिस खेळली, तेही सगळं जोडीने, आणि ती कायम जाळीपाशी उभी राहणारी. कोच प्रश्न विचारायचे तो जोडीला, उत्तर द्यायचं ते जोडीने. सवय लागली ती लागली.

जाळीपाशी आयुष्य काढल्यामुळे तिला आणखी एक विद्या आली होती. माणूस पुढे काय करणार हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. अरविंदचा हात तिसऱ्या गुलाबजामकडे वळायच्या आधी ती पातेलं हलकेच माझ्याकडे सरकवायची. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं.

"हिला कसं कळते वं?" तो चिडून मला विचारायचा.

"शोल्डर," ती म्हणायची. "अरविंद-सान, व्हेरी लाउड शोल्डर."

इथल्या मराठी मंडळाच्या समर पिकनिकला आम्ही तिला घेऊन गेलो. आपल्या बायका त्या! सायोकोची सायली करून टाकली पाच मिनिटांत, ताटात दोन-दोन वड्या वाढल्या आणि मग उलटतपासणी. लग्न? नाही. आई-वडील? आहेत. आणि मग मिसिसॉगाहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी, मनात वाईट काही नसताना, विचारलं, "बट व्हाय नॉट सिंगल्स? डबल्स इज लाइक हाफ टेनिस, नो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायोकोने हातातली कागदी बशी खाली ठेवली. म्हणाली, एकेरीत कोर्टाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वापरतच नाहीत. रंगवलेल्या असतात, झाडलेल्या असतात, आणि नुसत्या पडून असतात. "सिंगल्स," ती खेदाने मान हलवत म्हणाली, "व्हेरी वेस्टफुल."

पोळीच्या कडा वाया घालवल्या तरी जीव तळमळणारी आमची माणसं. सगळ्यांना एकदम पटलं. डॉक्टरीणबाईंनी तर पुढे स्वतःच्या मुलाला दुहेरीच्या क्लासला घातलं.

आता त्या हाताची गोष्ट. पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी विचारलं की तू पाठीमागे बोटं काय नाचवतेस? तिने मला फ्रिजपाशी उभं केलं आणि स्वतः पुढे जाऊन डायनिंग टेबलापाशी पाठमोरी उभी राहिली. टेबल म्हणजे जाळी. मी म्हणजे मागून सर्व्हिस करणारी तिची जोडीदार. पलीकडे अरविंद, म्हणजे प्रतिस्पर्धी. मग तिने हात कमरेमागे नेला. मूठ मिटलेली, म्हणजे मी माझ्या जागेवर थांबते. पंजा उघडा, म्हणजे सर्व्हिस पडली की मी आडवी धावणार, माझी जागा रिकामी पडणार, ती तू सांभाळ. पलीकडच्यांना ही खूण दिसत नाही, फक्त मागच्या जोडीदाराला दिसते. आणि जोडीदाराने मोठ्याने होकार द्यायचा, म्हणजे पुढचीला कळतं की मागे निरोप पोचला.

तिने पंजा दाखवला. मी म्हटलं, "हो."

"हो," तिने म्हणून पाहिलं. "बेटर दॅन येस. व्हेरी शॉर्ट."

"पण पोचलं की नाही हे तू वळून का बघत नाहीस?" मी विचारलं.

तेव्हा मात्र ती वळली. मागे बघितलं तर पलीकडच्यांना सुगावा लागतो, हे झालं एक कारण. पण खरं कारण निराळं. "इफ वी लुक बॅक," ती म्हणाली, "देन नो पार्टनर." वळून बघावं लागलं तर ती जोडीच नव्हे. त्या वर्षी स्पर्धा संपल्यावर विमानतळावर ती आत गेली तेव्हा एकदाही वळून बघितलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी वर्षभर रुसले असते. तिचं मला बरं वाटलं.

अरविंदने त्या खुणा घरात लागू केल्या. कुणाकडे जेवायला गेलो की यजमानांशी बोलता बोलता याचा हात पाठीमागे. मूठ, म्हणजे अजून बसू. पंजा, म्हणजे मी निघायचं काढतोय, निरोपाचं तू बघ. आणि मी कोपऱ्यातून "हो" म्हणायची. लोकांना वाटायचं, सुनंदा हल्ली स्वतःशीच बोलते.

असं सगळं हसण्यावारी चालायचं. पण दुहेरीची खेळाडू असणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, हेही आमच्या डोळ्यांसमोर होतं. दर वर्षी ती यायची ती नव्या जोडीदाराबरोबर. जुनी कुठे गेली? कुणी लग्न केलं, कुणाला जास्त वरच्या क्रमांकाची जोडीदार मिळाली. फोनवर दोन ओळींचा मेसेज यायचा, खाली हसरा चेहरा. सायोकोने त्यांतल्या एकीबद्दलही कधी वाकडा शब्द काढला नाही. "शी इज गुड लेफ्ट हँड," असं काहीतरी म्हणायची आणि रॅकेटच्या मुठीवरच्या पट्ट्या धुवायला जायची. त्या पट्ट्या ती आमच्या लाँड्री रूममध्ये दोरीवर वाळत घालायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे जगातल्या त्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादीत, मुख्य दुहेरीत एकदा उतरायचं होतं. पंधरा वर्षं खेळून ते जमलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्या चारांतल्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत ती राखीव जोड्यांमध्ये पहिली होती. कुणी माघार घेतली तर आत. ती आणि तिची जोडीदार कपडे घालून, रॅकेटी घेऊन, तीन दिवस दाराशी बसून राहिल्या. कुणीच माघार घेतली नाही. मी फोनवर विचारलं, काय केलंस गं तीन दिवस? म्हणाली, "वी प्रॅक्टिस्ड वेटिंग." मी फोन ठेवला आणि रडले. अरविंद दिवसभर कुणाशी बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत आजारपणच.

आणि मग चौथा उन्हाळा. हा शेवटचा, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. गुडघा ऐकत नव्हता. न्यूयॉर्कसाठी तिची जोडीदार ठरली होती, थायलंडची एक मुलगी. तिचे क्रमवारीतले गुण भरपूर होते, कमी पडत होते ते सायोकोचेच. हिशेब सरळ होता. किचनरला विजेतेपद मिळालं तर न्यूयॉर्कला थेट प्रवेश, नाहीतर घरी. अंतिम सामना हरून भागणार नव्हतं.

आणि इथली जोडीदार ऐनवेळी आजारी पडली! नावं द्यायची मुदत संपत आलेली. सायोको रॅकेट हातात घेऊन नावनोंदणीच्या टेबलापाशी उभी, कुणी सुटी मुलगी मिळते का बघत. मी शेजारी. तेवढ्यात पात्रता फेरीत हरलेली एक स्थानिक मुलगी कोपऱ्यात व्हेंडिंग मशीनपाशी डोळे पुसताना दिसली. मेगन तिचं नाव, एकोणीस वर्षांची, उंच, सर्व्हिस तोफेची पण नेम भगवान भरोसे. सायोको तिच्यापुढे जाऊन कमरेत वाकली. "प्लीज," म्हणाली, "प्ले विथ अस." अस म्हणजे नक्की कोण, हे त्या पोरीने मागे वळून शोधलं. पण हो म्हणाली.

काय खेळल्या हो त्या दोघी! मेगनची सर्व्हिस चुकली की सायोको मागे न बघता पाठीमागे हात नेऊन नुसती बोटं हलवायची, बाळाला खेळवतात तशी, आणि ती पोरगी हसायची. हसली की पुढची सर्व्हिस बरोबर पडायची. बघता बघता दोघी अंतिम सामन्यात!

पलीकडे होत्या एक उंच जर्मन मुलगी आणि एक भारतीय. फलकावर नाव होतं नायर. अरविंदने ते वाचलं आणि विषय संपवला. "केरळची दिसते."

आम्ही कोर्टाच्या एका टोकाला, मागच्या रेषेमागच्या बाकांवर बसलो होतो. म्हणजे सायोको आमच्या टोकाला आली की तिची पाठ आणि तो हात आमच्यासमोर. पहिला सेट अरविंद भीतीने गप्प होता. सायोको आणि मेगनने तो सेट सहज जिंकला. 

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला मंडळाची माणसं आली. मीच बोलावलं होतं आणि आपल्या रीतीप्रमाणे ती तासभर उशिरा, डबे घेऊन आली. त्यांना दुहेरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग अरविंदला कंठ फुटला. मराठीत बोलतोय, इथे कोणाला काय कळणार, या भरवशावर तो त्यांना शिकवू लागला.

"तो हात पाहा तिचा! मूठ हाय. म्हणजे थांबते आता जागीच." सर्व्हिस. "आता पाहा, पंजा दाखवला! जाते आता, आडवी जाते!"

अंपायरने शांत राहायला सांगितलं. अरविंदने आवाज उतरवून कुजबूज केली. अरविंदची कुजबूज म्हणजे बागेच्या अर्ध्यापर्यंत.

आणि काय झालं कुणास ठाऊक, सायोको आडवी धावली की नायर नेमकी तिने सोडलेल्या जागेत मारायची. थांबली की डोक्यावरून उंच. पलीकडच्या टोकाला सगळं ठीक, आमच्या टोकाला आल्या की सर्व्हिस गेलीच. सायोकोचे खांदे मी पहिल्यांदाच गोंधळलेले बघितले. मी देवाला सांगत होते, अरे, हिच्या आयुष्यात एकदा तरी! दुसरा सेट गेला.

सेट संपल्यावर नायर टॉवेल घ्यायला आमच्या बाकांपाशी आली. तोंड पुसलं, अरविंदकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, आडनावावर जाऊ नका हो. नाशिकला वाढलेय मी. सगळं ऐकू येतंय मला. कान बंद करून कसं खेळू?"

आमच्या रांगेत कुणाच्या हातातला ढोकळा हातातच राहिला. अरविंदचा चेहरा असा उतरला की मला त्याचा राग धरायलाही जमेना. चाळीस वर्षं आम्ही लिफ्टमध्ये, दुकानात, बसमध्ये लोकांच्या तोंडावर मराठीत बोलत आलो, आणि त्या सगळ्याचं फळ आज सायोकोच्या पदरात पडलं होतं. तो उठून जायला लागला. मी त्याचा हात धरून खाली बसवलं. त्याने खिशातला रुमाल काढला, घडी केली आणि तोंडावर दाबून धरला.

तिसरा सेट नसतो या स्पर्धांमध्ये. त्याऐवजी दहा गुणांचा एकच झटपट डाव. आमच्या दोघी मागे पडल्या, बरोबरीत आल्या, पुन्हा मागे पडल्या. मेगनने एक सर्व्हिस थेट कुंपणावर घातली. माझ्या शेजारच्या काकू देवाचं नाव घेत होत्या आणि मी त्यांच्या हाताला नखं रुतवत होते. मग एक गुण, आणखी एक. एक गुण मिळाला की सामना खिशात, अशा ठिकाणी आल्या. आमच्या टोकाला. सर्व्हिस मेगनची, चेंडू घ्यायला पलीकडे नायर, आणि सायोको जाळीपाशी, पाठ आमच्याकडे.

डावा हात मागे गेला.

मूठ.

"येस," मेगन म्हणाली. अरविंदचे डोळे रुमालाच्या वर गरगर फिरत होते पण आवाज नाही. सर्व्हिस पडली. आता नायरला सांगणारं कुणी नव्हतं, तिचा तिने अंदाज केला. अशा वेळी ही बाई आडवी धावणारच असं कुणालाही वाटलं असतं. तिने सगळा जोर लावून चेंडू रेषेजवळून मारला. आणि तिथे सायोको उभी होती. हललीच नव्हती. रॅकेट नुसती पुढे धरली, चेंडू टप्पकन पलीकडे पडला आणि मेला.

सगळे म्हणतात टेनिस म्हणजे धावपळ. ती तो गुण उभं राहून जिंकली. मी काय केलं ते मला आठवत नाही. काकूंच्या हातावर दोन दिवस वळ होते म्हणे. मेगनने सायोकोला उचलून गरगरा फिरवलं. अरविंद रुमाल तसाच तोंडाशी धरून रडत होता.

बाहेर आल्यावर सायोको पहिली आमच्याकडे आली आणि काळजीने म्हणाली, "अरविंद-सान, व्हाय सो क्वाएट? वी वर वरीड. हार्ट?"

संध्याकाळी नायरही आमच्याकडे जेवायला आली. रेवती तिचं नाव. आईच्या हातची मटकीची उसळ खाऊन वर्ष झालं म्हणाली, आणि तीनदा वाढून घेतली. हरल्याचं दुःख तिला होतंच, पण मोकळी पोरगी. तिनेच सगळी हकीकत इंग्रजीत सायोकोला सांगून टाकली.

"आधी वाटलं, देवच बोलतोय माझ्याशी," ती मला म्हणाली. "पण देव वऱ्हाडी बोलतो हे माहीत नव्हतं हो काकू."

अरविंद खाली मान घालून बसला होता. त्याच्यापुढे गुलाबजाम तसेच. सायोकोने एकदा रेवतीकडे, एकदा अरविंदकडे बघितलं. मग हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर उठून अरविंदपुढे वाकली. "थँक यू, अरविंद-सान," म्हणाली. "लास्ट फायनल. वी वॉन्टेड इट लाँग." शेवटचा सामना लवकर संपू नये असंच तिला वाटत होतं म्हणे.

आणि गुलाबजामचं पातेलं स्वतःच्या हाताने त्याच्याकडे सरकवलं.

न्यूयॉर्कचा सामना आम्ही बेसमेंटमध्ये, तिच्या पलंगावर बसून टीव्हीवर बघितला. फलकावर तिचं नाव, ग्रँड स्लॅमची मुख्य स्पर्धा, लांबच्या छोट्या कोर्टावर का होईना! कॅमेरा मागून होता, त्यामुळे हात दिसायचा. अरविंदने सबंध वेळ तोंडावर रुमाल धरला होता. मी म्हटलं, अरे, इथून तिकडे ऐकू जात नाही. त्याने मान हलवली. पहिली फेरी ती आणि थायलंडची मुलगी जिंकल्या. दुसरीत हरल्या, अगदी सरळ हरल्या. सामना संपल्यावर सायोको कोर्टाच्या कडेच्या पट्टीवरून चालत बाहेर गेली, आणि मी म्हटलं, बघ, वाया नाही जाऊ दिली.

मग सामान न्यायला ती किचनरला आली. चार उन्हाळ्यांत आमच्याकडे तिचं बरंच काही साठलं होतं. आता ती शिकोकूला परत जाणार होती, ज्या शाळेत रबरी चेंडूने खेळली तिथेच मुलींना शिकवायला. मोसमात बाग आहेच. पहाटे मी मऊ भात केला. मॅच नव्हती, तरी केला. तिने सगळा संपवला.

टोरांटोच्या विमानतळावर अरविंद गाडी चालवत गेला आणि वाटेत फक्त ट्रॅफिकबद्दल बोलला. आत तपासणीच्या रांगेपाशी आम्हांला थांबावं लागलं. तिने मला मिठी मारली, मग अरविंदला मारली, ही त्यांच्याकडची रीत नव्हे. काही बोलायचं ठरवलं असावं, पण नुसती वाकली. मोठ्या बॅगा काउंटरवर देऊन झाल्या होत्या, उरलेल्या दोन छोट्या ओढत निघाली. वळून बघणार नाही हे मला माहीतच होतं. मी पाठीकडे बघत राहिले. तीच पाठ, तोच बुचडा.

दाराशी पोचली तेव्हा तिने एक बॅग सोडली आणि डावा हात कमरेमागे नेला.

उघडा पंजा.

मी जाते. माझी जागा रिकामी होतेय. सांभाळ.

तो हात तिथेच थांबला, होकाराची वाट बघत. मी अरविंदकडे बघितलं. बागेच्या त्या टोकापर्यंत पोचणारा माणूस, त्याने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. माणसं तिच्या मागे खोळंबली होती. मग मीच छाती भरून घेतली, जी जन्मात चारचौघांत ओरडले नव्हते ती मी, आणि ओरडले, "हो!"

सगळं विमानतळ आमच्याकडे वळून बघायला लागलं. ती मात्र वळली नाही. तिने हात खाली घेतला, बॅग उचलली आणि आत गेली.